अण्णांची बॅटरी

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या वाटेतच थांबल्या, आमच्या नाहूरच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि त्या दिवसांत फोनच्या पडद्यावरून घ्यावा लागणारा माझा शाळेचा तास मध्येच तुटला. बाहेर लख्ख ऊन होते. पण आमच्या जिन्याला खिडकी नाही. फोनची शक्ती पुढे लागेल म्हणून जपून ठेवलेली. तेव्हा आई म्हणाली, "अरे, माळ्यावर ह्यांची बॅटरी असेल बघ."

बॅटरी सापडली. तीन सेलांची, पितळेची, वरचा मुलामा हाताच्या पकडीपुरता उडालेली. विजेरी हा तिचा शुद्ध मराठी शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला. घरात ती बॅटरीच होती. माझ्या लहानपणी नाहूरला स्टेशन नव्हते. अण्णा भांडुपच्या एका कारखान्यात रात्रपाळीला असत आणि ती सुटली की अंधारातून चालत घरी येत. गल्लीच्या तोंडाशी आले की बॅटरीचा पिवळा झोत आमच्या खिडकीवरून एकदा फिरे आणि आई उठून कडी काढी. दारावर थाप मारून मुलांची झोप मोडायची नाही, असा दोघांचा संकेत होता.

पण त्या दिवशी बटण सरकवले, तर काहीच झाले नाही. मागचे झाकण महत्प्रयासाने उघडले तेव्हा आत कित्येक वर्षांपूर्वीचे सेल फुगून बसलेले. सेलाचे जस्ताचे कवच कुजले की आतला मसाला बाहेर येतो आणि पितळ खाऊ लागतो. आपण जिला आठवण म्हणून जपून ठेवले असे समजत होतो, ती वस्तू माळ्यावर शांतपणे कुजत होती. मला त्या क्षणी स्वतःची थोडी लाज वाटली.

दिवाळी महिन्यावर आली होती आणि टाळेबंदीत हाताला वेळ होता. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मी नळी धुतली, काचकागदाने स्प्रिंग घासली. मग वाटले, नुसती दुरुस्त कशाला, सुधारूच या. जुन्या दिव्यातली बारीक तार तापून लाल-पिवळी होते तेव्हा उजेड देते. त्यात दहातला नऊ भागांहून अधिक जोर नुसत्या उष्णतेत जातो. एलईडीचे तसे नाही. लाल उजेडाची एलईडी अमेरिकेत निक होलोनियाक यांनी १९६२ मध्येच केली होती. पण निळी काही केल्या साधेना, आणि निळीवाचून पांढरा उजेड नाही. ती साधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. आज तीच वस्तू लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत चहाच्या पैशांत मिळते.

हिशेब सोपा होता. तीन सेलांचे साडेचार व्होल्ट, एलईडीला लागतात तीनच्या आसपास. वरचा दीड व्होल्ट अडवायला पंधरा ओहमचा एक रोधक. एका उडालेल्या बल्बची काच फोडून त्याच्या पितळी बुडात मी एलईडी सोल्डर केली. पहिल्या खेपेस ती पेटलीच नाही. तारेच्या दिव्याला वीज कोणत्या बाजूने आली याचे सोयरसुतक नसते, एलईडीला असते. मी जोड उलटे दिले होते. ते बदलले आणि खोली पांढऱ्याशुभ्र उजेडाने भरून गेली. वीज जुन्या बल्बच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी आणि उजेड कितीतरी जास्त! मी विजयी मुद्रेने ती आईच्या हातात दिली.

आईने भिंतीवर उजेड पाडून पाहिला. "हा दवाखान्यातला उजेड आहे," ती म्हणाली. मग बटण बंद करून हळूच विचारले, "आणि ह्यांचा दिवा कुठे टाकलास?"

मी टाकला नव्हता. तो टेबलावरच पडला होता. पण तो टाकला असता, तर तिला विचारले नसते, हे आम्हा दोघांनाही त्या क्षणी कळले.

त्या रात्री मी मनातल्या मनात वाद घालत बसलो. मिलिंद राजाची आणि भिक्षू नागसेनाची गोष्ट आठवली. राजा रथात बसून आला. नागसेनाने विचारले, रथ म्हणजे चाके का? आस का? दांडा का? प्रत्येकाला राजा नाही म्हणाला. शेवटी, सगळे मिळून जे होते त्याला आपण व्यवहारात रथ म्हणतो, एवढेच दोघांच्या हाती उरले. मला वाटले, झाले तर! अण्णांनी स्वतः या बॅटरीचे किती सेल बदलले, बल्ब बदलले, फुटलेली काच बदलली. तेव्हा ती त्यांचीच राहिली. मग मी एक दिवा बदलला तर ती परकी कशी झाली?

युक्तिवाद बिनतोड होता, आणि तरीही मला झोप येत नव्हती. कारण आईने बॅटरी तीच आहे की नाही, हे विचारलेच नव्हते. तिने विचारले होते ते दुसरेच. जिच्याबरोबर एखाद्याचे आयुष्य गेले, ती वस्तू सुधारण्याचा अधिकार दुसऱ्याला कोठून येतो? ती वस्तू कामाची व्हावी म्हणून मी हे केले, की माझी हुशारी दिसावी म्हणून?

आपल्या गावोगावी हेच चाललेले दिसते. काळ्या पाषाणाच्या जुन्या देवळाला भक्तिभावाने ऑइलपेंट फासतात. हेतू वाईट नसतो. पण दगडाची नक्षी बुजते आणि रंग काढू म्हटले तर दगड दुखावतो. पुढच्या पिढीला आपली चूक सुधारण्याची वाटच उरत नाही. दुसऱ्या टोकाला, जुन्याला हातच लावू नये म्हणणारेही खरे नव्हेत. माझ्या माळ्यावर मी तेच केले होते, आणि सेलांनी पितळ खाल्ले. हात न लावणे याला आपण पुष्कळदा आदर म्हणतो. तो आळसही असू शकतो.

मग करावे काय? मला त्या रात्री दोन गोष्टी पटल्या. पहिली, बदल असा करावा की तो परत फिरवता येईल. सुदैवाने मी बॅटरीला भोक पाडले नव्हते की काही कापले नव्हते. एलईडीचे बूड काढून जुना बल्ब बसवायला मिनिट पुरे होते. दुसरी अधिक अवघड: ज्याचे त्या वस्तूवर प्रेम आहे, त्याला आधी विचारावे आणि तो नाही म्हणाला तर थांबावे. विचारणे सोपे असते. थांबण्याची तयारी ठेवून विचारणे अवघड.

सकाळी मी आईसमोर बसलो. "आई, जुना दिवा परत बसवू का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "रात्री उठले की मला उंबरा दिसत नाही. उजेड जास्त हवाच आहे. पण इतका पांढरा नको."

पिवळसर उजेडाचीही एलईडी मिळते. आत चकती निळीच असते. तिच्यावरच्या लेपाचे मिश्रण वेगळे, म्हणून उजेड ऊबदार दिसतो. दिवाळीच्या आधी ती आणून बसवली. अण्णांच्या उजेडासारखी ती हुबेहूब नाही. जुन्या बल्बची तार रिफ्लेक्टरच्या नेमक्या केंद्रात असे आणि झोत दूरवर सरळ जाई; एलईडीचा उजेड पुढेच पडतो, रिफ्लेक्टरला फारसे काम उरत नाही, आणि सगळीकडे तो पसरतो. गल्लीच्या तोंडापासून खिडकी गाठणे या उजेडाला जमायचे नाही. आईला मी ते सांगितले. "आता कोणाला गाठायची आहे?" ती म्हणाली, आणि हसली.

जुन्या बॅटऱ्यांच्या मागच्या झाकणात, स्प्रिंगच्या आत, जादा बल्ब ठेवायला एक लहानशी जागा असे. अण्णांचा बल्ब मी कापसात गुंडाळून तेथे ठेवला. त्याला आता काही वर्षे झाली. बॅटरी आईच्या उशाशी असते. दर पावसाळ्याआधी मी सेल काढून पुसून बघतो आणि झाकण उघडले की बल्ब जागेवर आहे ना, हेही बघतो. गेल्या खेपेस आई शेजारी बसून होती. म्हणाली, "उजेड चांगला केलास हो. आधी विचारायला मात्र हवं होतंस."