शब्दाचा अर्थ आणि बोलणाऱ्याची पत

पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी उपस्थित केलेला एक प्रश्न भाषांतराचा विचार करणाऱ्याला आजही अडचणीत टाकतो. ‘गौः’ या शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश लोकांत चालतात आणि त्यांतूनही ऐकणाऱ्याला गायच कळते. असे असताना व्याकरणाने साधुशब्दाचा, म्हणजे शिष्टसंमत रूपाचा, आग्रह का धरावा? पतंजलीचे उत्तर असे की, शब्दाने आणि अपशब्दाने अर्थ सारखाच कळत असला तरी धर्म मात्र साधुशब्दाच्या प्रयोगात आहे. (‘अपशब्द’ याचा येथील अर्थ शिवी असा नसून नियमाबाहेरचे रूप एवढाच आहे.) यातला पुण्याचा हिशेब बाजूला ठेवला तरी त्यामागचे विश्लेषण उरतेच: अर्थ समान असूनही रूपारूपांत फरक राहतो, आणि तो फरक वस्तूला न चिकटता बोलणाऱ्याला चिकटतो. इंग्रजी बोलींतले अनौपचारिक शब्द स्लोव्हाक भाषेत नेताना जे वाटेत गळते ते हेच. आणि ते भरून काढण्याचा भाषांतरकाराला कितपत अधिकार आहे, हा प्रश्न व्याकरणाचा कमी आणि नीतीचा अधिक आहे.

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ या 1884च्या कादंबरीत पतंजलीचे समीकरण उलटे झालेले दिसते. एकतिसाव्या प्रकरणात कथा सांगणारा मुलगा हक आपल्यासोबत पळालेल्या जिम या गुलामाचा ठावठिकाणा कळवणारे पत्र लिहितो, आणि पळालेल्या गुलामाला साथ देणारे नरकात जातात ही रविवारच्या धार्मिक शाळेतली शिकवण खरी मानूनही ते पत्र फाडून टाकतो. समाजाची शुद्ध, धर्मसंमत भाषा येथे अधर्माच्या बाजूला उभी आहे आणि धर्म व्याकरण मोडणाऱ्या पोराच्या तोंडी आहे. वाचकाला हा विरोध प्रत्येक ओळीत जाणवतो, कारण हकचे क्रियापद चुकते, त्याच्या वाक्यात नकारावर नकार येतो, आणि तरीही निवाडा त्याचाच बरोबर असतो.

स्लोव्हाकमध्ये यातली नकाराची खूणच आधी पुसली जाते. इंग्रजीत दुहेरी नकार अशिक्षितपणाचे लक्षण मानला जातो, तर स्लोव्हाक व्याकरणाला तोच आवश्यक वाटतो. ‘कोणी काही बोलले नाही’ हे सांगायला ‘निक्तो न्यिच न्येपोवेदल’ असे, तिन्ही शब्दांत नकार ठेवूनच बोलावे लागते, आणि मंत्र्यापासून मेंढपाळापर्यंत सगळे तसेच बोलतात. म्हणजे हकचे वाक्य शब्दशः आणले की ते आपोआप शुद्ध होते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ‘यॉल’ या अनेकवचनी सर्वनामाचीही हीच गत आहे. स्लोव्हाकमधले ‘वि’ हे सर्वनाम मराठी ‘तुम्ही’प्रमाणे अनेकवचनाला आणि आदराला दोन्हीकडे चालते, त्यामुळे अर्थ पुरता पोचतो, दक्षिण मात्र मागे राहते. अर्थ हाच भाषांतराचा विषय मानणाऱ्याने येथे समाधान मानावे. पण हकच्या बाबतीत हे समाधान घातक आहे, कारण त्याची अशुद्धता हा कादंबरीच्या नैतिक युक्तिवादाचाच भाग आहे.

यावर सुचणारा उपाय म्हणजे एका बोलीच्या जागी दुसरी बोली ठेवणे. शेजारच्या चेक भाषांतरकाराला त्यात एक सोय आहे: ‘ओबेत्सना चेश्तिना’, म्हणजे सामान्य चेक, हे बोहेमियाभर घरीदारी बोलले जाणारे, प्रमाणभाषेहून वेगळे रूप त्याच्या हाताशी असते आणि ते एखाद्याच गावावर बोट ठेवत नाही. स्लोव्हाकमध्ये असा सर्वदूर पसरलेला मधला थर तयार झालेला नाही. ल्युडोविट श्टूरने 1843 मध्ये ज्या प्रमाणभाषेची घडी बसवायला घेतली ती मध्य स्लोव्हाकियाच्या बोलींवर उभी आहे, आणि तिच्या बाहेर पाऊल टाकले की भाषांतरकार थेट कोणत्या तरी प्रदेशात जाऊन पोचतो. तो प्रदेश पुष्कळदा पूर्वेकडचा शारिश किंवा झेम्प्लीन असतो, कारण तिथल्या बोलींत दीर्घ स्वर नाहीत आणि आघात उपांत्य अक्षरावर पडतो, त्यामुळे पहिल्या अक्षरावर आघात देणाऱ्या प्रमाणभाषेच्या कानाला त्या चटकन वेगळ्या लागतात, आणि बहुधा हसूही आणतात.

खरी आपत्ती या हसण्यात आहे. मिसिसिपीकाठचा अनाथ मुलगा शारिशच्या बोलीत बोलू लागला की भाषांतरकाराने हकबद्दल काहीतरी सांगितले एवढेच होत नाही. शारिशमधली जिवंत माणसे म्हणजे अडाणीपणाचे चिन्ह, असे एक विधानही तो सही न करता करून जातो. मूळ लेखकाने आपल्याच लोकांच्या बोली वापरल्या होत्या आणि त्यांतले बारीक भेद आपण काळजीपूर्वक पाळल्याचे प्रस्तावनेच्या टिपणात नोंदवले होते. भाषांतरकार मात्र तिऱ्हाइतांची बोली उसनी घेतो आणि तिची किंमत त्यांनाच मोजायला लावतो. शिवाय ज्या बोलीला तो गावंढळपणाचे काम देतो तिचा इतिहास निराळा आहे. झेम्प्लीनच्या कॅल्व्हिनपंथीयांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर आपले धर्मग्रंथ याच पूर्व स्लोव्हाक बोलीत, हंगेरियन वळणाच्या लिपीत, डेब्रेत्सेन येथे छापून घेतले, आणि 1752च्या त्यांच्या स्तोत्रसंहितेत दाविदाची स्तोत्रे त्याच बोलीत आहेत. श्टूरच्या प्रमाणभाषेच्या नव्वद वर्षे आधी जी बोली देवापुढे चालली, तिला आता केवळ विदूषकाची भूमिका द्यावी याला इतिहासाचा आधार नाही.

बोली आणि धर्मभाषा यांचे हे नाते एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये (1847) आणखी गुंतागुंतीचे होते. तिथला म्हातारा नोकर जोसेफ यॉर्कशरच्या ठसठशीत बोलीत सतत बायबल झोडत असतो. दक्षिणेकडच्या इंग्रज वाचकाला त्याचे बोलणे कळेना म्हणून एमिलीची बहीण शार्लट हिने 1850च्या आवृत्तीत त्याची वर्णरचना सौम्य केली, म्हणजे पहिले भाषांतर इंग्रजीतच झाले. जोसेफच्या तोंडचे ‘दाऊ’ (तू) हे एकवचनी जुने सर्वनाम एकाच वेळी शेतातले असते आणि बायबलमधलेही. सतराव्या शतकातल्या क्वेकरांनी न्यायाधीशालाही याच सर्वनामाने संबोधण्याचा हट्ट धरला होता, तो देवापुढे सगळे सारखे या श्रद्धेपोटी. स्लोव्हाक ‘टि’ मराठी ‘तू’सारखेच देवाला, लेकराला आणि सोबत्याला चालते, म्हणून हे सर्वनाम सहज उतरते. पण त्याची दुहेरी झळाळी उतरत नाही. स्लोव्हाक लुथरपंथीयांची प्रार्थनेची भाषा कित्येक शतके क्रालित्सेच्या बायबलची जुनी चेक होती, युराय ट्रानोव्स्कीचा 1636चा स्तोत्रसंग्रहही त्याच भाषेत आहे. घरातली बोली आणि देवळातली वाणी या त्यांच्या दोन भाषा होत्या. जोसेफला त्या जुन्या चेकमध्ये बोलवले तर तो उपदेशक वाटेल आणि गोठा हरवेल; गावच्या बोलीत बोलवले तर गोठा राहील, पण त्याच्या शापांमागे उभे असलेले बायबल ऐकू येणार नाही. दोन्ही भाषा एकाच वाक्यात मिसळाव्यात, शाप बोलीत आणि वचन चेकमध्ये, हा मार्ग यापेक्षा प्रामाणिक वाटतो. मात्र त्यात यॉर्कशरमध्ये एकसंध असलेला माणूस स्लोव्हाकियात दुभंगतो, आणि हा दुभंग ब्राँटेच्या जोसेफचा नसून स्लोव्हाक लुथरपंथाच्या इतिहासाचा आहे.