अठरावा अध्याय पुरा वाच

बस आधी. चारचौघांत बोलतेय म्हणून तोंड पाडू नकोस. प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विल्लानं अपुल्लोसाला बाजूला घेऊन समजावलं, हे मलाही ठाऊक आहे. पण तू बाप्तिस्मे दिलेस ते ॲक्वाबेस्टच्या तळ्यावर, वीस माणसांसमोर, मोबाइलवर शूटिंग लावून दिलेस. तेव्हा आता चारचौघांतच ऐक.

रविवारी मी काठावर होते. मे महिना नुसता नावाला. पाण्यात हात घातला तर बोटं बधिर होत होती. तुझ्या ऑफिसातला तो पोरगा, महिन्यापूर्वी पुण्याहून आलेला, दात वाजवत बाहेर आला. ओठ निळे पडलेले. टॉवेल गुंडाळत त्यानं तुला विचारलं, "आता पुढे काय?" तू म्हणालास, "पुढे काही नाही, झालं!" आणि पुढच्या माणसाकडे वळलास. त्याला मी गाडीत बसवून थर्मासमधला चहा पाजला. बोलता बोलता कळलं की पाप सोडायचं, एवढंच त्याला माहीत आहे. येशू मेला, उठला, त्याचा आपल्याशी काय संबंध, पवित्र आत्मा कोण, मंडळी कशासाठी? पाटी कोरी.

अरे, हा योहानाचा बाप्तिस्मा झाला! पश्चात्ताप करा, पाण्यात उतरा, येणाऱ्याची वाट पाहा. यार्देनेच्या काठी ते बरोबर होतं, कारण येणारा अजून आपल्या कामाला लागायचा होता. तू मात्र आजही माणसांना वाट पाहतच ठेवतोस.

अपुल्लोस काही ऐरागैरा नव्हता. आलेक्सांद्रियाचा, शास्त्रात मुरलेला, बोलण्यात तुझ्या दसपट. येशूविषयी जे सांगायचा तेही चुकीचं नव्हतं. फक्त योहानाच्या बाप्तिस्म्यापाशी त्याचं घोडं अडलं होतं. पण तो तंबू शिवणाऱ्या नवराबायकोसमोर बसला आणि शिकला. तू त्यांना आधी डिग्री विचारली असतीस.

आता तू एकोणिसावा अध्याय काढशील, ओळखून आहे मी. "इफिसातल्या त्या बारा जणांचा बाप्तिस्मा पुन्हा झाला, मग मी आईला म्हटलं ते काय चुकलं?" असं म्हणशील. चुकलंच. त्यांनी पवित्र आत्म्याचं नावही ऐकलं नव्हतं. येशूच्या नावानं त्यांचा बाप्तिस्मा तेव्हाच, पहिल्यांदा झाला. तुझा नगरला झाला, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. तीन महिन्यांचा होतास, रडून चर्च डोक्यावर घेतलं होतंस; मी तिसऱ्या बाकावर होते. आणि अपुल्लोसाला पुन्हा पाण्यात उतरवल्याचं लूक कुठेही लिहीत नाही. दोन्ही गोष्टी एकाला एक लागून आहेत. सोयीची तेवढी उचलायची नसते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला झाला. एवढी संस्कृतची पंडिता, पण त्यानंतरही तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्रैक्यावरून पत्रांतून वाद घालत राहिली. ख्रिस्त खऱ्या अर्थानं सापडायला आठ वर्षं गेली, असं तिनंच पुढे लिहून ठेवलं आहे. तू वीस मिनिटांत उरकतोस.

बुडवण्याला माझा विरोध नाही. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करावा की नाही, यावर आपल्याहून शहाणी माणसं शतकानुशतकं भांडत आली आहेत. माझा राग आहे तो आईला फोनवर "तू माझ्यावर नुसतं पाणी शिंपडलंस" म्हणालास त्यावर. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला म्हणून या देशात, नेदरलँड्समध्ये, माणसं जाळली गेली आहेत, माहीत आहे? इथून उत्तरेला आस्पेरन म्हणून गाव आहे. तिथला डर्क विलेम्स चिंध्यांचा दोर करून कैदेतून निसटला आणि गोठलेल्या तळ्यावरून पळाला. तुरुंगातल्या अन्नावर इतका वाळला होता, की बर्फानं त्याला पेललं. पाठलाग करणाऱ्याच्या पायाखाली मात्र बर्फ फुटला. डर्क मागे फिरला, त्याला ओढून बाहेर काढलं, तिथेच पकडला गेला. १६ मे १५६९ रोजी त्याला जाळलं. बाप्तिस्म्यानंतर "पुढे काय" हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. आणि तू? पाण्यातून काढलेल्या पोराला कुडकुडत सोडून पुढे गेलास.

ज्या संत ओडुल्फसच्या नावाचं चर्च रोज सायकलवरून ओलांडतोस, तो याच भागातला, नवव्या शतकातला. फ्रिसियन लोकांत गेला तो नुसतं पाणी घालून परतला नाही. वर्षानुवर्षं स्टाव्हरेनला राहून शिकवत बसला.

तुझी तळमळ खरी आहे, म्हणून एवढं बोलले. ढोंग्यावर मी शब्द खर्च करत नाही. तो व्हिडिओ काढून टाक. गुरुवारी सात वाजता माझ्याकडे ये, वही घेऊन, आणि त्या पोरालाही आण. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय, चोविसाव्या वचनापासून सुरू करू. आणि आज घरी गेल्याबरोबर आईला फोन लाव. नगरला साडेतीन तास पुढे असतं, ती दहाला झोपते.