छेदात कोण कोण?

गणिताच्या मास्तराला सेवानिवृत्ती असते, सुटी नसते. शाळा सोडून मला पुष्कळ वर्षे झाली. पण दिवाळीत मुले-नातवंडे जमली की कुणाच्या ना कुणाच्या दप्तरातून एक वही बाहेर निघतेच, आणि ‘आजोबांना विचार’ एवढे म्हणून घरातली सगळी शहाणीसुरती माणसे चकलीच्या डब्याकडे वळतात. गेल्या दिवाळीत ती वही पाचवीतल्या नातीची होती. तिने लिहिले होते : १/३ + १/४ = २/७.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे उत्तर मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यावर फुली मारायला मला डोळे उघडे ठेवण्याचीही गरज पडत नसे. या खेपेस मात्र हाताशी लाल पेन नव्हते. म्हणून असेल, मी त्या उत्तराकडे प्रथमच नीट पाहिले. वरच्यात वरचा आकडा मिळवला होता, खालच्यात खालचा. एक आणि एक दोन, तीन आणि चार सात. चार वर्षे आम्ही तिला आकड्यांशी असेच वागायला शिकवले होते. ‘पाव मोठा की तिसरा हिस्सा मोठा?’ असे विचारले, तर ती ‘पाव’ म्हणाली. कारण चार हे तीनांपेक्षा मोठे. पोरीने अविचार केला नव्हता; जुन्या विचाराशी इमान राखले होते.

खरे म्हणजे यात लबाडी झाली असेल तर ती आमची. गुणले की वाढते आणि भागले की कमी होते, असे आम्ही लहान मुलांना बिनदिक्कत सांगतो. पुढे अपूर्णांक आले की अर्ध्याला अर्ध्याने गुणून पाव होतो, आणि मूल आपल्याकडे अशा नजरेने पाहते की जणू आपण त्याचे काही चोरले आहे. मग आपण ‘छेद समान करा’ हा मंत्र देतो. तो पाठ होतो, मार्कही मिळतात. छेद समान का करायचा, हे विचारणारे पोर वर्गात एखादेच, आणि त्याला गप्प बसवण्याची कलाही मला चांगली साधली होती.

आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ असे. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. तो अडखळला तर पाठीत धपाटा ठरलेला. तेव्हा पोरे हिशेबाला पक्की होती, असे माझ्या वयाची माणसे म्हणतात. काही अंशी ते खरे आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही नावे आपल्या भाषेने मुलाच्या कानात शाळेआधीच घालून ठेवलेली असतात. सोळा आण्यांचा रुपया तर अर्धा करत जाण्यासाठीच जन्मला होता : आठ आणे, चार आणे, दोन आणे, एक आणा. तिसरा हिस्सासुद्धा सुटत असे, पाच आणे चार पै. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नये पैसे आले आणि रुपयाचे तीन सारखे वाटे करताना एक पैसा शिल्लक राहू लागला. तो कुणाचा, यावरून आम्हा भावंडांत एकदा हातघाई झालेली मला आठवते. आता चार आण्यांचे नाणेही गेले. २०११ च्या जूनअखेर ते चलनातून बंद झाले. पण पाढे पाठ असलेल्या त्या पिढीला पाव म्हणजे काय हे समजत होते, असे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मला स्वतःला औटकी येत होती. ती कशासाठी येते, हे बहुधा नोकरी लागल्यावर समजले.

असो. स्वयंपाकघरात नुकत्याच नारळाच्या वड्या थापल्या होत्या. मी नातीला म्हटले, “चल, तिथे गणित करू.” परात गोल आणि वड्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या, त्यामुळे कडेला तिरपे, तिकोनी तुकडे उरतात. “यातला एक तुकडा म्हणजे परातीचा कितवा भाग?” असे विचारताच ती तुकडे मोजू लागली. मग आपणच थांबली आणि म्हणाली, “आजोबा, हे मोजता येणार नाहीत. कडेचे सारखे कुठे आहेत?” अपूर्णांकाची पहिली अट तिने स्वतः शोधली होती. वाटे सारखे नसतील तर त्यांना नाव देता येत नाही.

दुसरी अट तिच्याकडून मीच शिकलो. मी मुद्दाम विचारले, “आता सांग, पाव मोठा की अर्धा?” ती म्हणाली, “कशाचा?” एका वडीचा अर्धा आणि परातीचा पाव हे तिच्या समोरच होते. हा उलट प्रश्न मला छत्तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तर मी त्याला आगाऊ ठरवले असते.

मग कागदाची एक पट्टी घेऊन तिचे बारा चौकोन पाडले. तिसरा हिस्सा म्हणजे चार चौकोन, पाव म्हणजे तीन. एकत्र केले की सात, पण बारांपैकी सात. “म्हणजे चौकोन सारखे केले, म्हणून मिळवता आले!” ती म्हणाली. समच्छेद हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत अपूर्णांकांचे जे प्रकरण घातले, त्यात छेद समान करण्याचीच रीत आरंभी आहे. नऊशे वर्षांच्या जवळपास जाणारी ती रीत एका कागदाच्या पट्टीवर पाच मिनिटांत उतरली, याचा मला मनातून आनंद झाला. तेथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण यशस्वी मास्तराला आणखी एक उदाहरण घालण्याचा मोह आवरत नाही.

मी म्हटले, “समज, चोवीस वड्या आहेत आणि त्या सारख्या वाटायच्या आहेत. प्रत्येकाला किती?” तिने पेन्सिल उचलली आणि विचारले, “छेदात कोण कोण घ्यायचे?”

“तुम्ही सगळी मुले.”

“आई नाही? आजी नाही? वड्या तर आजीनेच केल्यात.”

मी हसून वेळ मारून नेली. पण मनात ते सलत राहिले. ‘आईने बारा लाडू चार मुलांत सारखे वाटले’ अशी उदाहरणे मी शेकड्यांनी घातली आहेत. त्या सगळ्यांत आई वाटणारी आहे. छेदात ती कधीच नाही. कडेचे तिकोनी तुकडे कुणाच्या वाट्याला जातात, हे घराघरात ठाऊक असते, आणि गणिताच्या पुस्तकात त्याला जागा नसते. अंकगणित फार प्रामाणिक असते, असे मी आयुष्यभर सांगत आलो. तसे ते आहेही. परंतु त्याचा प्रामाणिकपणा छेद ठरल्यानंतर सुरू होतो. कुणाला मोजायचे हे ते सांगत नाही. ते आपण आधीच ठरवून त्याच्या हातात देतो, आणि मग उत्तर बिनचूक आले म्हणून आपले मनही निर्धास्त होते.

मी स्वतः असे एक बिनचूक उत्तर काढलेले आहे. वडील १९९७ साली गेले. गावचे घर आणि लगतची जमीन त्यांनी नोकरीच्या पैशातून, स्वतःच्या कमाईने घेतलेली. मृत्युपत्र केले नव्हते. मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. वडिलोपार्जित मिळकतीत लग्न न झालेल्या मुलींना महाराष्ट्रात १९९४ साली जन्मतः हक्क मिळाला आणि देशभर सर्वच मुलींना तो २००५ साली. पण आमच्या बाबतीत तेवढे थांबण्याचे कारण नव्हते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच अशा मिळकतीत आई, मुलगे आणि मुलगी यांचे वाटे सारखे होते. म्हणजे प्रत्येकी पाव. तसे झाले नाही. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली, आईने तिच्या शेजारी अंगठा उमटवला, आणि वाटणीचा कागद मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिला : १/२ आणि १/२. बेरीज बरोबर एक येते. मी ती तपासूनही पाहिली होती.

माझ्या बाजूने सांगण्यासारखे काही नाही, असे नाही. बहिणीवर कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिचे सासर खाऊनपिऊन सुखी होते. आईचे शेवटचे आजारपण धाकट्याने आणि त्याच्या बायकोने काढले, आणि सारखे वाटे हेच नेहमी न्यायाचे असतात असे मी मानत नाही. अशक्त पोराच्या पानात आई चमचाभर तूप जास्त वाढते, तेव्हा ती गणित चुकत नसते. हे सगळे खरे असूनही मला त्या पोरीच्या पेन्सिलीपुढे उत्तर सुचले नाही. देणारीने दिले म्हणायचे, तर आधी तिच्या हातात काही असावे लागते. बहिणीला कुणी असे म्हटलेच नव्हते की पाव तुझा आहे, आता ठेव किंवा सोड. आम्ही म्हटले, “सही करायला ये.” न आली असती तर माहेर राहिले असते का, हे तिनेही विचारले नाही आणि आम्हीही नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी ती बारा चौकोनांची पट्टी पुन्हा काढली. चौघांना तीन-तीन. पुढे २००३ साली आई गेली. तिचे तीन चौकोन आम्हा तिघांत एकेक. म्हणजे आज बहिणीचे चार, बारांपैकी चार. नातीचे सकाळचेच आकडे : पाव आणि तिसरा हिस्सा. कायद्याने हा हिशेब केव्हाच मिटला आहे, हे मला कळते. माझ्याकडे सहा चौकोन आहेत. त्यांतले दोन मला देता येतील. धाकट्याच्या सहांबद्दल मी बोलू शकत नाही, आणि बोललो तर ही दिवाळी आमची एकत्र शेवटची ठरेल, याचीही मला भीती आहे.

भाऊबिजेला बहीण आली. ओवाळून झाले, तबकात मी पाकीट ठेवले. दरवर्षीच ठेवतो, त्या दिवशी मात्र ते ठेवताना हात जड झाला. जेवणे झाल्यावर ओसरीवर ती सुपारी कातरीत बसली होती, तेव्हा मी तिच्यापुढे पट्टी ठेवली आणि सगळे सांगितले. मास्तरकीची सवय; चौकोनांना रंगही दिले होते. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले.

“दादा, इतक्या वर्षांनी हे कुठून काढलेस?”

“नातीला अपूर्णांक शिकवत होतो.”

ती थोडे हसली. मग आईच्या तीन चौकोनांवर बोट ठेवून म्हणाली, “हे तू आम्हा तिघांत सारखे वाटलेस. तिला कुठे द्यायचे होते, हे तिला कुणी विचारले होते का रे?”

मी काही बोललो नाही. तिने पट्टीची घडी घातली आणि ती माझ्या पाकिटाबरोबर आपल्या पिशवीत ठेवली.