औषध सांगितल्याने गुण जातो काय?

खानदेशात तापीकाठच्या गावांपासून सातपुड्यातील पाड्यांपर्यंत झाडपाल्याचे औषध देणारा एखादा वृद्ध मनुष्य बहुधा आढळतो. तो पैसा घेत नाही, पण मुळीचे नाव विचारले तर म्हणतो, "बाबा, सांगितले तर गुण जाईल." ही समजूत हसण्यावारी न्यावी, असे आम्हांस वाटत नाही. जे फुकट द्यावयाचे ते कोणी विकू नये, लोभ्याने रान उपटून नेऊ नये, ही काळजी तिच्या पोटी असावी. तथापि ज्या ज्ञानावर शेजाऱ्याचा जीव अवलंबून आहे, ते गुप्त ठेवण्याचा अधिकार कोणास आहे काय?

सर्पगंधेचे उदाहरण घ्या. तिची मुळी सर्पदंशावर व वेडावर देण्याची चाल आपल्या देशात फार जुनी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांस देऊन आलेला अनुभव १९४९ साली प्रसिद्ध केला. पुढे १९५२ साली तिच्यातील रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले व देशोदेशी वापरले गेले. सांगितल्याने गुण गेला नाही, उलट पसरला. मात्र मुळ्यांसाठी ती इतकी खणली गेली की रानात दुर्मिळ झाली. म्हणजे वृद्धाची भीतीही अगदीच खोटी नव्हती.

परंतु गुप्तपणात सत्याबरोबर चूकही सुरक्षित राहते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर मुळी चालत नाही. त्यास दवाखान्यातील प्रतिविषच पाहिजे. मग मुळीने माणसे बरी कशी झाली? पुष्कळ साप बिनविषारी असतात, व विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. जो वाचला त्याची गोष्ट दहा गावे जाते. जो दगावला त्याचे नशीब म्हणतात.

यास्तव, वाचकहो, ज्यास जे ठाऊक आहे ते त्याने सांगावे. अडुळशाच्या काढ्याने खोकल्यास उतार पडला, तर ते सांगावे. आणि कशाने उतार पडला नाही, तेही सांगावे. हे दुसरे सांगणे कठीण, कारण त्यात मानास धक्का बसतो. पण पावसाळ्याच्या रात्री साप चावलेले लेकरू घेऊन बाप दारी आला असता, "माझी मुळी येथे चालत नाही, क्षणही न दवडता दवाखाना गाठा," असे जो वृद्ध म्हणेल, त्याचा गुण गेला असे कोण म्हणेल?