दहा वेळा आर्शिवाद

चौथीत असताना ‘आशीर्वाद’ हा शब्द मी चुकलो. गुरुजींनी लाल फुली मारली आणि दहा वेळा लिहून आणायला सांगितले. रात्री जेवणे झाल्यावर मी मान खाली घालून दहा ओळी भरल्या. दुसऱ्या दिवशी वही बघून गुरुजींनी कपाळाला हात लावला. मी दहाही वेळा ‘आर्शिवाद’ लिहिले होते. आदल्या दिवशी एक चूक होती, आता अकरा झाल्या; आणि दहाव्या ओळीपर्यंत अक्षरही चांगले वळणदार आले होते.

ही शाळा नगर जिल्ह्यातली. जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या पिढीच्या जिभेवर अजून नगरच येते. ती चूक धरायची की सवय, हे वाचकांनी ठरवावे.

त्या दहा ओळी मनातून गेल्या नाहीत. गुरुजी मारकुटे नव्हते, मीही टाळाटाळ केली नव्हती. चूक झाली हे दोघांनाही कळले होते, पण ती शब्दात नेमकी कुठे बसली आहे हे कुणी पाहिले नाही. ‘शी’ ऱ्हस्व केला ती एक गोष्ट. खरी गोम रफाराची. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, त्याच्या आधी तो उच्चारायचा असतो. ‘शी’ला चिकटून ‘र’ कानावर येतो, म्हणून पोराचा हात ‘शी’च्याच डोक्यावर शेंडी काढतो. कानाने बरोबर टिपलेले हाताने शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवले, एवढेच. हे कुणी दोन मिनिटांत सांगितले असते तर दहा ओळींची गरज पडली नसती. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनाही ते कुणी सांगितलेले दिसत नाही.

मुले वाटेल तशी चुकत नाहीत. चुकीलाही रीत असते. दुसरीतल्या मुलाला ‘त्रेपन्न लिही’ म्हणा. पुष्कळ मुले 35 लिहितात. का लिहू नयेत? ‘त्रे’ आधी ऐकू आला, म्हणून तीन आधी लिहिले. आपली भाषा एकक आधी बोलते आणि अंक दशक आधी लिहितात. त्यात ‘एकोणसाठ’सारखी भानगड: ऐकू येतात साठ, लिहायचे पन्नासातले. मुले 69 लिहितात तेव्हा त्यांनी ‘साठ’ आणि ‘नऊ’ दोन्ही पकडलेले असते. इंग्रजीत किंवा कानडीत पन्नास आधी, तीन मागून. तिथे ही अडचण येत नाही.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’, ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या, वर्तमानपत्रांत मराठीच्या मरणाच्या वार्ता आल्या. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावे पुस्तकातून गेलेली नाहीत. जोडाक्षरांनी भरलेल्या उलट्या बोलीत अडखळणाऱ्या मुलांसाठी ही एक पायरी आहे. ती पायरी योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. ‘त्रेपन्न’ आणि ‘एकोणसाठ’ माझ्या कानाला आजही गोड लागतात. पण त्या गदारोळात ज्या मुलाच्या वहीतल्या 35 वरून सगळे सुरू झाले, ते मूल कुणाला दिसले नाही. एका बाईंनी चुकीकडे चूक म्हणून न पाहता माहिती म्हणून पाहिले होते. आपण कोट्या केल्या.

आता आमच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचा एक हिशेब. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडणीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, परतायला गुढीपाडवा उजाडतो. ज्या मुलांना मागे ठेवायला घरी कुणी नसते ती बैलगाडीबरोबर जातात. हंगामी वसतिगृहे आहेत, साखरशाळाही निघाल्या. तरी निसटणारी मुले निसटतात. नेमक्या त्या महिन्यांत वर्गात हातच्याची वजाबाकी होऊन जाते. मूल परत येते आणि 52 वजा 27 बरोबर 35 लिहिते. वर 2, खाली 7. बाईंनी मागे सांगितले होते की लहानातून मोठा जात नाही. मग त्याने मोठ्यातून लहान काढला: सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन. शिकवलेला नियम इमानाने पाळला आणि शून्य गुण मिळाले. या चुकीत बुद्धीचा संबंध थोडा आहे, पंचांगाचा जास्त.

चुकीचे नाते मुलाच्या नावाशी कधीपासून जोडले गेले? पंतोजीच्या शाळेत धूळपाटी असे. बोटाने किंवा काडीने गिरवायचे, चुकले की हाताने सारखे करायचे. छडी बसे, पण चूक संध्याकाळपर्यंत टिकत नसे. कागद आला, तपासनीस आले, परीक्षा आली. 1859 साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. रानडे आणि भांडारकर तिच्यात उत्तीर्ण झाले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. बसलेल्यांपैकी बहुसंख्य नापास झाले होते, त्यांचे पुढे काय झाले हे विचारावेसे कुणाला वाटले नाही. तेव्हापासून मराठीत चुकते उत्तर, नापास होतो मुलगा. ‘आमचा धाकटा नापास आहे’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकले आहे, जणू ती त्याची जात.

यावर सरकारने औषधे केली. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले. वर्षाखेरच्या फुलीऐवजी वर्षभराच्या नोंदी करायच्या होत्या: हे मूल कुठे अडते, कशाने पुढे सरकते. कल्पना उत्तम. पण पटावरची मुले, कागदपत्रे आणि बिनशिकवणीची कामे यांच्या ओझ्याखाली शिक्षकांनी तयार ‘वर्णनात्मक नोंदी’ शोधल्या. बाजारात त्यांची पुस्तके आली, मग त्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. ‘चित्रे आवडीने काढतो’, ‘वर्गकार्यात सहभाग घेतो’. चाळीस मुले आणि चाळीसही चित्रे आवडीने काढतात. लाल फुली निदान खरी होती. 2019 मध्ये कायदा बदलला, 2023 पासून राज्याने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर फेरपरीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग. दहावीला पुरवणी परीक्षा आहे, एटीकेटी आहे, शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. गुणपत्रिकेवर ‘अनुत्तीर्ण’ऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ लिहूनही झाले. मुलांनी तोही शब्द चार दिवसांत शिवीसारखा वापरायला घेतला.

आमच्याच नगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात, एका गावाने शब्द न बदलता वेगळी वाट काढली. राळेगणसिद्धीत 1971 च्या सुमारास जेमतेम तीस टक्के लोक साक्षर होते. मुलगे पुढच्या शिक्षणाला शिरूर-पारनेरला जात, मुलींचे प्राथमिकवर संपे. 1979 साली गावाने संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ स्थापून माध्यमिक शाळा काढली. श्रमदानाने इमारत उभी राहिली, वसतिगृह झाले. 1982 साली गावातली पहिली मुलगी दहावी पास झाली. पुढे या शाळेने जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते: दुसऱ्या शाळांतून नापास झालेल्या, काढून टाकलेल्या मुलांना प्रवेशात आधी घेतले. लोक तिला नापासांची शाळा म्हणू लागले. शाळा आहे निळोबारायांच्या नावाची. निळोबा जवळच्याच पिंपळनेरचे. तुकोबा गेल्यानंतर त्यांना गुरू मानणारे, अशी वारकरी परंपरा आहे. उशिरा आलेल्या शिष्याचेच नाव या शाळेला मिळाले, हे बरेच झाले.

मी राळेगणचा भाबडा भक्त नाही. याच गावात एकेकाळी दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले जात आणि गावाचे पुढारी अण्णा हजाऱ्यांनी त्याचे समर्थनही केले. ज्या गावाला नापास मुलाची दुसरी संधी दिसली, त्याला दारुड्याची का दिसली नाही, याचे उत्तर मला सापडलेले नाही. वसतिगृहाच्या शिस्तीत पहाटे उठून व्यायाम केल्याने हातचा येतो, यावरही माझा विश्वास नाही. वसतिगृहाने दिलेली गोष्ट साधी होती. इतरत्र नापास गुणपत्रिका दप्तराच्या तळाशी लपवायची, इथे ती प्रवेशासाठी टेबलावर ठेवायची. बाकावरचा शेजारीही तीच घेऊन आलेला. मग ‘मला हे येत नाही’ असे म्हणायला जीभ अडत नाही, आणि ते म्हटल्याशिवाय शिकवणाऱ्याला सुरुवात कुठून करायची हे कळत नाही.

गेल्या मे महिन्यात शेजारची तिसरीतली मुलगी वही घेऊन आली. वजाबाकी, 52 वजा 27, उत्तर 35, वर फुली. मी बरोबर उत्तर सांगणार होतो. आर्शिवादाची आठवण झाली आणि थांबलो. “कसं केलंस, सांग बरं.” तिने ठसक्यात सांगितले, “दोनातून सात जात नाहीत. सातातून दोन जातात.” मी आईस्क्रीमच्या काड्या आणल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबरबँड लावून, दोन सुट्या. सत्तावीस काढून दे म्हटले. दोन गठ्ठे तिने सरळ बाजूला केले. सात सुट्या काड्या मात्र मिळेनात. बराच वेळ गठ्ठ्यांकडे बघत बसली. मग एकाचा रबरबँड काढला, काड्या सतरंजीवर सांडल्या, मोजल्या, आणि न बोलता वहीतले 35 खोडून 25 लिहिले.

मला वाटले, संपले. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, “आजोबा, पण मग दोनातून सात खरंच जात नाहीत का?”

सहावीत तिला ऋण संख्या भेटतील, तेव्हा दोनातून सातही जातील आणि खाली उणे पाच उरतील. म्हणजे बाईंचा नियमही चुकीचाच होता. मीही तोच ऐकत आणि सांगत आलो होतो. मी सतरंजीवरच्या काड्या गोळा करू लागलो. ती उत्तराची वाट बघत बसली होती.