रजिस्टरमधलं नाव

शाळेच्या वाचनालयातलं रजिस्टर आठवतंय? पुस्तकाचं नाव, शेजारी आपली सही. आणि मागचा मुलगा ती ओळ हमखास वाचणार! ज्याला मुलगाच आवडतो, अशा दहावीतल्या मुलानं तिथं काय मागायचं? मराठीत समलिंगी प्रेमावरची पुस्तकं आहेत. विजय तेंडुलकरांचं नाटक 'मित्राची गोष्ट' १९८१चं, सचिन कुंडलकरांची कादंबरी 'कोबाल्ट ब्लू' २००६ची. कोणत्या वयाला कोणतं, ते वाचनालयाच्या बाईंनी आधी स्वतः वाचून ठरवावं. कपाटाला कुलूप लावून नव्हे.

ओळखीच्या एका बाईंनी अशी पुस्तकं खिडकीजवळच्या उघड्या फळीवर ठेवली. इथंच बसून वाचा, नोंद नको. एकदा मधल्या सुट्टीनंतर आवरताना त्यांना एका पुस्तकात खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट दिसलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.