विषादालाही योग म्हटले आहे



भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव आहे ‘अर्जुनविषादयोग’. कर्माला, ज्ञानाला, भक्तीला योग म्हटले तर नवल वाटत नाही. पण हातपाय गळालेल्या माणसाच्या दुःखाला योग का म्हणावे?

अर्जुनाची अवस्था पाहा. तोंडाला कोरड, अंगाला कंप, मन भोवंडलेले, हातातून गांडीव निसटते आहे. वैद्याने टिपून घ्यावीत अशी ही लक्षणे. आणि हा भेकड नव्हे, त्या काळचा अव्वल धनुर्धर! तो हे सारे लपवीत नाही, दोन सैन्यांच्या मधोमध आपल्या सारथ्याला सांगतो. या अध्यायात भगवान एकदाच बोलतात, तेही अर्धा श्लोक. बाकी सगळे ऐकून घेतात. कानउघाडणी होते ती दुसऱ्या अध्यायात. भगवंतांचे हे ऐकून घेणे प्रवचनांतून फार घाईने ओलांडले जाते, असे मला वाटते.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातील वर्कशॉप, गोदामे आणि कामगारांच्या खोल्या आठवा. इथे नोकरी गेली की पगारच जातो असे नाही, व्हिसाचे दिवसही मोजावे लागतात. २००८ची मंदी आली, २०२०ची महामारी आली, १६ एप्रिल २०२४च्या पावसाने शारजाचे रस्ते पाण्याखाली गेले. तरी रात्री गावी फोन लागला की उत्तर ठरलेले, “मी मजेत आहे.” पलीकडे आईही तेच सांगते. दोघे एकमेकांना जपतात आणि दोघांनाही झोप नसते.

तुकोबाराय वाण्याचा व्यवसाय करणारे. दुष्काळात दिवाळे निघाले, मान गेला, बायको अन्नावाचून गेली. हे त्यांनी झाकून ठेवले नाही. लाज वाटली, तेही स्वतःच्या अभंगात सांगितले. मग मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले, एकादशीला कीर्तन सुरू केले. आरंभी त्यात चित्त लागत नव्हते, हीसुद्धा त्यांचीच कबुली! मन लागेपर्यंत ते थांबले नाहीत. खचलेल्या माणसाला वेळेवर जेवण, अंघोळ, सांजवात, चार पावले चालणे यांचाही असाच आधार होतो, मन लागो न लागो.

पण झोप उडाली, अन्न जाईना, जगणे नकोसे वाटू लागले, तर नामस्मरणाबरोबर डॉक्टरही हवा. “देवावर श्रद्धा कमी पडली” असे अशा वेळी कोणी कोणाला म्हणू नये. दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक ८००४६३४२, तिथे अडचण मांडता येते. गावाकडच्या मंडळींसाठी २०२२पासून टेलिमानसची सेवा आहे, क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येते. नोकरी जाण्याविरुद्धचा विमाही अमिरातीत १ जानेवारी २०२३पासून सक्तीचा झाला आहे. आपला हप्ता भरलेला आहे ना, एवढे पाहून ठेवावे. तेवढीच एक धास्ती कमी.

यंदा आरतीनंतर प्रसाद घेऊन लगेच गाड्यांकडे पळू नका. मागच्या रांगेत एकटा उभा असलेला कोणी दिसेल. त्याच्याजवळ बसा, “जेवलात का?” एवढेच विचारा. तो बोलू लागला तर उपदेश करू नका. गीतेतील सारथ्याने आधी ऐकून घेतले होते.